अडलेल्या काट्याचा हिशेब

वजन कमी करण्यासाठी आहार आणि चालणे नेटाने सांभाळणाऱ्या माणसाची उमेद पहिल्या महिन्यात सहसा खचत नाही. ती खचते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा ताटातले प्रमाण वाढलेले नसते, सकाळचे चालणे चुकलेले नसते आणि तरीही वजनकाटा त्याच आकड्यावर अडून बसतो. पथ्य चालू असूनही वजन काही आठवडे एका अरुंद पट्ट्यातच फिरत राहण्याच्या या स्थितीला पोषणशास्त्रात पठारावस्था म्हणतात. तिच्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. काटा हा एकमेव तटस्थ साक्षीदार असल्यामुळे तो अडला असेल तर चूक प्रयत्नातच शोधली पाहिजे, असे एक दृष्टी सांगते. काट्याचा आकडा शरीरातल्या बदलांचा थोडाच भाग दाखवत असल्यामुळे उमेद त्याच्या हवाली करणे हीच मूळ चूक होय, असे दुसरी सांगते.

हिंगण्यात या दोन्ही दृष्टींना घर आहे. नागपूरच्या नैऋत्येस वेणा नदीकाठी असलेल्या या तालुक्याच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर एकीकडे औद्योगिक वसाहत पसरलेली असून तिथल्या कारखान्यांतून ट्रॅक्टर आणि यंत्रांचे सुटे भाग मोजून-मापूनच बाहेर पडतात. दुसरीकडे डिगडोह आणि वानाडोंगरी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत, जिथे मधुमेह आणि रक्तदाब यांच्या तपासणीसाठी आसपासच्या गावांतली माणसे येतात. पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. एक जण कारखान्यातील गुणवत्ता निरीक्षक असून दुसरी व्यक्ती ग्रामीण भागात दीर्घकाळ काम केलेली परिचारिका आहे. त्यांच्या तोंडी आलेले अभ्यास आणि आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.

निरीक्षक : सिस्टर, मोजमापाशिवाय सुधारणा होत नाही हा कारखान्यातला पहिला धडा असतो, आणि तो शरीराला लागू नसण्याचे कारण दिसत नाही. आहारातून मिळालेली ऊर्जा खर्च झालेल्या ऊर्जेपेक्षा कमी असेल, तर वजन घटलेच पाहिजे. एक किलो चरबीच्या साठ्यात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते, जिला व्यवहारात नुसत्या कॅलरी म्हणतात. म्हणजे रोज ३०० कॅलरींची तूट ठेवणाऱ्याचे वजन महिन्याला एक किलोहून थोडे अधिक उतरायला हवे. ते उतरत नसेल, तर तूट उरलेलीच नाही.

परिचारिका : भाऊ, हा हिशेब मान्य केला तरी त्यातूनच काट्याची मर्यादा उघड होते. महिन्याला एक किलो म्हणजे आठवड्याला जेमतेम पाव किलो, आणि शरीरातले पाणी तर एकाच दिवसात किलोभराने वर-खाली होऊ शकते. पिठूळ पदार्थांपासून मिळालेली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साठवली जाते. प्रौढ माणसात हा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. पथ्याच्या पहिल्या आठवड्यात हा साठा उतरला की एक-दोन किलो वजन झटक्यात कमी होते, माणूस हरखून जातो आणि हीच गती पुढेही राहील असे धरून चालतो. नंतर एखाद्या लग्नाच्या पंगतीत भात, पापड, लोणचे आणि गोड पोटात गेले की साखर आणि मीठ दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर जातो. दीड किलो चरबी एका रात्रीत चढायची असेल, तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढे कोणत्याही पंगतीत कोणाला जात नाही.

पाण्याच्या या चढउताराचे शास्त्र जुने आहे. इटलीतील पादुआ येथील वैद्य सान्तोरिओ यांनी तराजूला टांगलेल्या आसनावर बसून वर्षानुवर्षे स्वतःचे वजन केले आणि खाल्लेल्या-प्यायलेल्या पदार्थांच्या वजनाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या बाष्पाच्या रूपाने शरीराबाहेर जातो, असा निष्कर्ष १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे हे निरीक्षण प्रत्येकाच्या अनुभवाचे असते: उन्हात चालून आलेल्या माणसाचा काटा घामामुळे खाली दिसतो आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर पुन्हा वर जातो, पण या दोन्ही आकड्यांचा चरबीशी काहीही संबंध नसतो. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याच्या स्नायूंना किंचित सूज येऊन त्यांत पाणी साठते. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवते, म्हणून त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्याऐवजी मागच्या चक्रातील त्याच दिवसांशी केली पाहिजे. घरोघरी दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत ही साधी गोष्ट क्वचितच सांगितली जाते आणि तिच्या अभावी कित्येक स्त्रिया चांगले चाललेले पथ्य सोडून देतात, हे खेदाचे आहे.

परिचारिका : कारखान्यात एखाद्या दांड्याचा व्यास एकदा किंचित जास्त भरला, तर यंत्र थांबवून त्याची जुळणी लगेच बदलतात का?

निरीक्षक : तसे केले तर माल अधिकच बिघडतो. प्रत्येक मापात थोडा नैसर्गिक चढउतार असतोच. तो कोणता आणि खरा बिघाड कोणता, हे ओळखण्यासाठी अमेरिकेतील वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची पद्धत मांडली, ज्यात सुट्या मापांऐवजी त्यांच्या सरासरीकडे आणि चढउताराच्या मर्यादांकडे पाहतात. वजनाला ती लावायची तर रोज सकाळी उठल्यावर, शौचानंतर आणि काहीही खाण्यापिण्यापूर्वी वजन करावे, सात दिवसांची सरासरी काढावी आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहावी. मग एकेका दिवसाच्या आकड्याने हुरळून जाण्याचे किंवा खचण्याचे कारण उरत नाही. पण सिस्टर, ही सरासरीसुद्धा दोन महिने जागची हलली नाही, तर पाण्याची सबब पुरणार नाही. न्यू यॉर्कमधील संशोधकांनी १९९२ मध्ये अशा दहा माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या सांगण्यानुसार अत्यंत कमी खाऊनही त्यांचे वजन घटत नव्हते. त्यांची चयापचयाची गती, म्हणजे शरीर ऊर्जा खर्च करते तो वेग, अपेक्षेप्रमाणेच निघाली. मात्र ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणे नोंदवत होते आणि प्रत्यक्षापेक्षा ५१ टक्के अधिक हालचाल सांगत होते. काटा बाजूला ठेवला, तर ही विसंगती कधी उघडकीलाच येणार नाही.

परिचारिका : तो अभ्यास खरा आहे आणि तो नाकारून कोणाचे भले होणार नाही. ती माणसे खोटे बोलत होती असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. स्वयंपाक करताना चाखलेली भाजी, मुलाच्या ताटात उरलेला घास, कामाची पाळी सुटल्यावर मित्रांबरोबर खाल्लेले तर्री पोहे ही खाण्याच्या आठवणीत नोंदलीच जात नाहीत. शिवाय भाऊ, ७,७०० चा आकडा घेऊन जी सरळ उतरंड आखली जाते, तीच मुळात चुकीची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की वजन उतरत जाते तसा शरीराचा खर्चही उतरत जातो. त्यांच्या ठोकताळ्याप्रमाणे रोजच्या आहारात कायमची सुमारे २४ कॅलरींची कपात केली, तर वजनात अखेरीस एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा फरक पडायला जवळजवळ एक वर्ष लागते आणि ९५ टक्के फरक पडायला तीन वर्षे. साखरेच्या चहाचे तीन-चार कप सोडून ज्याने रोजच्या २४० कॅलरी कमी केल्या, त्याला सरळ भागाकाराने वर्षात अकरा किलोंहून अधिक घट दिसते. प्रत्यक्षात ती पाच किलोंच्या आसपास होते. म्हणजे त्याचा प्रयत्न पुरता यशस्वी होत असतानाही तो स्वतःला नापास ठरवून मोकळा होतो.

या वादातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथे येतो आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. हॉल यांच्याच गटाने २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनंदिन खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले होते की वजन घटवल्यानंतर वर्ष उलटले तरी भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेलेच राहते आणि चरबीचा साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन कमीच राहते. संप्रेरक म्हणजे ग्रंथींतून किंवा पेशींतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवांना सूचना देणारे द्रव्य. हॉल यांच्या अंदाजाने आठ किलो घटवलेल्या माणसाचे शरीर रोज सुमारे ८०० कॅलरी अधिक मागत असते आणि खर्च मात्र १६० ते २४० कॅलरींनी कमी करत असते. अशा माणसाचा काटा स्थिर आहे याचा अर्थ तो या दोन्ही ओढींना रोज पुरून उरतो आहे. पहिल्या महिन्यात काटा झरझर उतरत होता तेव्हा त्याला जेवढे कष्ट पडत होते, त्याहून किती तरी अधिक कष्ट तो आता घेत असतो; बाहेरून मात्र काहीच घडत नसल्यासारखे दिसते, आणि त्याच्या घरचेसुद्धा नेमके याच काळात त्याला विचारू लागतात की एवढे करून उपयोग काय झाला. हा प्रश्न अज्ञानातून येतो, पण त्याने होणारे नुकसान खरे असते.

निरीक्षक : म्हणजे स्थिर काटा हीसुद्धा कमाई धरायची?

परिचारिका : आठ किलो उतरल्यानंतर स्थिर असेल, तर निश्चित धरायची. आणि त्या काळात इतर मापे बोलत असतात. पट्टी घेऊन कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. भारतीयांसाठी पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली जाते. त्याखेरीज रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी आहेच.

भारतीय शरीराच्या बाबतीत कंबरेला एवढे महत्त्व का, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, नेमका २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याला आणि उंचीच्या पट्टीला हे दोन देह सारखेच वाटले. ज्या समाजात बारीक हातापायांच्या माणसाच्याही पोटात चरबी दडलेली असते, तिथे केवळ वजनावर प्रयत्नाचे यश तोलणे शास्त्राला धरून होत नाही.

याहून थेट पुरावा चेन्नईतून आला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात, ज्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती अशा ५३१ व्यक्तींना चार गटांत विभागून सुमारे तीन वर्षे पाहिले गेले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार सुधारून रोज चालणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे या गटाचे वजन लक्षणीय घटलेच नव्हते. काट्याकडे पाहून ज्या प्रयत्नाला निष्फळ म्हटले गेले असते, त्याने प्रत्यक्षात अनेकांचा मधुमेह टाळला होता. कॅनडातील रॉबर्ट रॉस यांनी २००० मध्ये ५२ स्थूल पुरुषांवरील अभ्यासात दाखवले होते की व्यायामाने खर्च झालेली ऊर्जा आहारातून भरून काढून वजन मुद्दाम स्थिर ठेवले, तरी पोटातील चरबी कमी होते.

निरीक्षक : मग वजन घटवण्याचा आग्रहच सोडून का देऊ नये?

परिचारिका : कारण घटलेल्या वजनाचा वेगळा लाभ आहेच. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट होते, आणि तिथे मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००२ मध्ये जाहीर झाले. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांच्या अभ्यासात एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो असे दिसले आहे. आठ तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या कामगाराला हे वेगळे सांगायला नको. वजन उतरावे, पण ते उतरले नाही म्हणून चालणे सोडू नये, एवढाच आग्रह आहे.

महाराष्ट्रात आहारविषयक वाद गेल्या काही वर्षांत अत्यंत हिरीरीने झाला, आणि त्याच्या एका बाजूचे मूळ नागपूर जिल्ह्यातच आहे. काटोल परिसरातून पुढे आलेले डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी व्याख्यानांतून मांडलेला दोन वेळांच्या जेवणाचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला: खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि रोज ४५ मिनिटे चालणे. याउलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोड्या-थोड्या अंतराने, आपल्या मातीतले आणि आजी-पणजीच्या स्वयंपाकातले अन्न खाण्याचा आग्रह धरला. चर्चा जेवणांच्या संख्येवरच घुटमळली आणि दोघांमधला एक समान धागा दुर्लक्षित राहिला. दीक्षित पथ्यापूर्वी आणि नंतर दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासायला सांगतात. दिवेकर झोप, तरतरी आणि गोडाची ओढ यांतील बदल पाहायला सांगतात. म्हणजे एवढे टोकाचे मतभेद असलेले हे दोघेही यशाची खूण काट्याबाहेर शोधतात. जेवणांच्या संख्येपेक्षा हीच बाब सामान्य माणसाच्या अधिक उपयोगाची आहे.

निरीक्षक : तरीही काटा माळ्यावर टाकण्याला पाठिंबा देता येणार नाही. वजन घटवलेल्या ३१४ जणांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना रोज वजन पाहून वेळीच सावरण्याची पद्धत प्रत्यक्ष भेटींतून शिकवली, त्यांच्यापैकी ४५.७ टक्के लोकांचे वजन दीड वर्षात पुन्हा सव्वादोन किलोंहून अधिक वाढले. ज्यांना नुसती माहितीपत्रके पाठवली, त्यांच्यात हे प्रमाण ७२.४ टक्के होते.

परिचारिका : बहुतेकांसाठी ते मान्य आहे. पण काही माणसे, विशेषतः तरुण मुली, सकाळचा आकडा पाहून दिवसभर उपाशी राहतात आणि रात्री भुकेने बेभान होऊन खातात. त्यांच्या घरातून काटा हलवणे हाच उपचाराचा भाग असतो, आणि त्यांची तुमच्या आलेखात कुठेच नोंद होत नाही. रातपाळीच्या कामगाराने घड्याळातली सकाळ न धरता मुख्य झोपेतून उठल्यानंतरचे वजन धरावे, नाहीतर सरासरीच चुकते. आणि थायरॉइडची कमतरता असेल किंवा इन्सुलिन, स्टिरॉइड अथवा मानसिक आजारावरील काही औषधे चालू असतील, तर काटा का अडला हा प्रश्न आधी डॉक्टरांपुढे ठेवावा. तिथे स्वतःच्या निश्चयाला दोष देणे अन्यायाचे आहे.

निरीक्षक : हे सारे ध्यानात घेऊनही सरासरी अडलेली, कंबरही अडलेली, असे दोन महिने गेले तर?

परिचारिका : तर भाऊ, भाकर अर्धी करण्याआधी तेलाचा हिशेब करावा, कारण आठवणीतून सर्वांत सहज निसटते ते तेलच. एक लिटर तेलात सुमारे ८,२०० कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला केवळ तेलातून रोज ३४० कॅलरी येतात. तेच साडेतीन लिटरवर आणले, तर प्रत्येकाच्या रोजच्या शंभर कॅलरी कमी होतात, आणि हॉल यांच्या ठोकताळ्याने त्याचा अर्थ कालांतराने चार किलो. वरणावरची फोडणी निम्म्या तेलात होते, पाटोडीच्या रश्शावरचा तवंग कमी करता येतो, आणि यासाठी कोणाला उपाशी राहावे लागत नाही.

निरीक्षकाला हा उपाय मोजता येण्याजोगा असल्यामुळे पटतो आणि तो त्यात एकच भर घालतो: तेलाचा डबा ज्या दिवशी फोडला ती तारीख डब्यावरच लिहावी, म्हणजे पुढचा डबा फोडताना आधीचा किती दिवस पुरला हे घरातल्या कोणालाही कळेल.